मावळातून पुण्याकडे : भोर-वेल्हे परिसरातील पालकांची खाजगी शाळेची निवड – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

पुणे-सातारा रस्त्याने कात्रजचा घाट ओलांडला की खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ ही गावे लागतात. नसरापूर परिसरातून एक वाट वेल्ह्याकडे जाते, तर कापूरहोळहून दुसरी भोरकडे वळते. शिवकाळात याच वाटांनी मावळे गडावर गेले. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत याच वाटांनी उलट्या दिशेने एक वेगळा प्रवास घडत आला आहे. हा प्रवास शिक्षणासाठीचा आहे. मुलाला किंवा मुलीला पुण्यातील 'चांगल्या शाळेत' घालण्यासाठी या परिसरातील कुटुंबांनी नातेवाइकांची घरे गाठली, वसतिगृहांचे उंबरठे झिजवले, जमिनी गहाण ठेवल्या, आणि अलीकडच्या काळात तर संपूर्ण बिऱ्हाडच शहरात हलवले.

महानगरातील खाजगी शाळेची निवड हा विषय सामान्यतः शहरी मध्यमवर्गाचा मानला जातो. प्रवेश, देणगी, माध्यम आणि शुल्क यांविषयीची बहुतेक चर्चा शहरातच सुरू होते व शहरातच संपते. परंतु पुण्यासारख्या शहराची शैक्षणिक वाढ ही त्याच्या भोवतालच्या खेड्यांशी जोडलेली आहे. शहराने शाळा उभारल्या आणि खेड्यांनी त्यांना विद्यार्थी दिले. या देवाणघेवाणीत खेड्याला काय मिळाले व त्याने काय गमावले, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न आहे. भोर व वेल्हे या दोन तालुक्यांच्या संदर्भात त्याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव देण्यात आले असले, तरी विवेचनाच्या सोयीसाठी येथे जुने नावच वापरले आहे.

सचिवांचे राज्य आणि शिक्षणाची वाट :

हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, कानद खोरे, मुसे खोरे ही बारा मावळांपैकी महत्त्वाची खोरी आजच्या भोर-वेल्ह्याच्या परिसरात येतात. शंकराजी नारायण सचिव यांच्या घराण्याकडे या मुलखाचा कारभार आला आणि पुढे ब्रिटिश काळात भोर हे संस्थान म्हणून टिकून राहिले. संस्थानचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे पाच तालुके होते. तालुक्यांची नावे गडांवरून पडावीत, इतका हा प्रदेश डोंगराळ होता. पावसाळ्यात नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी व मोसे या नद्या गावांचा परस्परसंपर्क तोडून टाकीत. भाताच्या खाचरांवर आणि डोंगरउतारावरील नाचणी-वरईवर जगणाऱ्या समाजात मूल हा शेतीच्या कामातील एक हात होता. त्याला शाळेत पाठविणे म्हणजे तो हात कमी करणे होय. ही जाणीव पालकांच्या मनात पहिल्यापासून होती.

संस्थानी काळात भोर गावात शिक्षणाची सोय क्रमाने वाढत गेली. तेथील राजा रघुनाथराव विद्यालयाच्या नावातून शेवटच्या अधिपतींच्या काळाची स्मृती आजही जपली गेली आहे. मात्र भोर गावातील सोय म्हणजे संस्थानातील सोय नव्हे. रायरेश्वराच्या पायथ्याच्या किंवा तोरण्याच्या पलीकडच्या गावाला भोर हेच दूर होते. शिवाय मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाल्यानंतर मॅट्रिक्युलेशन परीक्षेला जे महत्त्व आले, त्यामुळे वरच्या शिक्षणाचा मार्ग पुण्यावरूनच जाऊ लागला. कुलकर्णी, कारकून, वकील व शिक्षक या पेशांकडे पाहणाऱ्या मोजक्या कुटुंबांनी तो स्वीकारला. पुण्यातील शाळा ही त्या काळी संस्थानच्या हद्दीबाहेरची, म्हणजे एका अर्थाने दुसऱ्या राज्यातील शाळा होती.

पुण्यातील खाजगी शाळांचा उदय :

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी संस्थांना अनुदान देण्याचे धोरण मांडले आणि शिक्षणक्षेत्रात बिगरसरकारी प्रयत्नांना वाव मिळाला. पुण्यात त्यापूर्वीच, १८४८ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. १८६० मध्ये वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या प्रयत्नांतून जी संस्था उभी राहिली, ती पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय आणि १८८४ मध्ये मुलींसाठी हुजूरपागा या शाळा निघाल्या. १८८४ मध्येच डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली.

'खाजगी शाळा' या शब्दाचा त्या काळातील अर्थ येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. ती सरकारची नव्हती, म्हणून खाजगी होती. परंतु तिचा मालक कोणी नव्हता. अल्प वेतनावर काम करणारे आजीव सदस्य ती चालवीत आणि समाजाच्या वर्गणीतून तिची इमारत उभी राही. ती नफ्यासाठी नव्हती. पालक अशी शाळा निवडत तेव्हा ते परीक्षेच्या निकालाबरोबरच स्वाभिमानाचे वातावरण आणि त्यागी शिक्षकांचा लौकिक यांचाही विचार करीत. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीसारख्या मानाच्या शिष्यवृत्त्या या शाळांतील विद्यार्थी मिळवीत, याचीही चर्चा गावोगाव होई.

याच काळात पुण्याच्या लष्कर भागात बिशप्स (१८६४) आणि सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) या शाळाही सुरू झाल्या होत्या. शहरातील मराठी शाळा व लष्करातील इंग्रजी शाळा असे दोन स्वतंत्र विश्व एकाच गावात नांदत होते. मावळातून येणाऱ्या पालकाला यांपैकी दुसरे विश्व जवळजवळ ठाऊकच नव्हते. शंभर वर्षांनंतर मात्र त्याच विश्वाचा आदर्श त्याच्या निवडीवर प्रभाव टाकणार होता.

निवड कोणाची ? :

शाळा असणे आणि ती निवडता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. पुण्यात शिकण्यासाठी केवळ फी पुरेशी नव्हती, राहण्याची व जेवणाची सोय लागे. ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरीचा किंवा वार लावून जेवण्याचा आधार होता. या विद्यार्थ्यांचे जीवन खडतर होते यात शंका नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (आजचे पुणे विद्यार्थी गृह) अशा गरीब विद्यार्थ्यांना आसरा दिला. पण मावळातील कुणबी, मराठा, धनगर, रामोशी, महार किंवा मांग समाजातील मुलाला माधुकरीचे दारही उघडे नव्हते. पुण्यातील पेठांत त्याचे ओळखीचे घर क्वचितच असे.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले होते. शेतकऱ्यांच्या कष्टातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी हंटर यांनी न्यू इंग्लिश स्कूलला भेट देऊन तिचा गौरव केला. हे दोन्ही प्रसंग एकत्र पाहिले तर चित्र स्पष्ट होते. पुण्यात उत्तम शाळा उभ्या राहत होत्या, पण मावळातील बहुसंख्य मुलांपासून त्या दूर होत्या.

या अडचणीवरचे उत्तर वसतिगृह चळवळीने दिले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना चालना दिली व १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली व तिचे कार्य पुण्यातही उभे राहिले. पुण्यात १९१८ मध्ये श्री शिवाजी मराठा सोसायटीची शाळा निघाली. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून, स्वतः श्रम करून शिकावे हे त्यांच्या वसतिगृहाचे तत्त्व होते. भोरला सातारा जिल्ह्याची हद्द लागूनच असल्याने या प्रयोगाची वार्ता मावळात पोहोचणे स्वाभाविक होते. या संस्थांमुळे 'पुण्यात कोण शिकू शकतो' या प्रश्नाचे उत्तर बदलू लागले.

मुलींच्या बाबतीत मात्र बदल संथ होता. हुजूरपागेसारखी शाळा आणि महर्षी कर्वे यांच्या हिंगणे येथील संस्था उपलब्ध असल्या, तरी मुलीला घाट उतरून पाठविण्याचा निर्णय अत्यंत थोड्या घरांनी घेतला. मुलगा मामाकडे किंवा आत्याकडे राहून शिकू शके. मुलगी नातेवाइकांकडे राहिली तर ती बहुधा त्यांच्या घरकामाला हातभार लावी.

विलीनीकरणानंतर : शाळा गावाकडे आली :

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. भोर पुणे जिल्ह्याचा भाग झाला आणि वेल्ह्याचा महाल पुढे तालुका बनला. १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शाळांचा कारभार आला. आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीयांसाठी शुल्कसवलती लागू झाल्या. पुणे जिल्हा शिक्षण मंडळ (१९४१), रयत शिक्षण संस्था व स्थानिक शिक्षण मंडळे यांनी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात माध्यमिक शाळांचे जाळे विणले. भोरमध्ये राजगड ज्ञानपीठाच्या महाविद्यालयामुळे पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय झाली. ज्ञान प्रबोधिनीसारख्या १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेने शिवगंगा-गुंजवणी खोऱ्यात ग्रामविकासाचे काम हाती घेतले. शहरातील शैक्षणिक संस्था खेड्याकडे आल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

या काळातील 'खाजगी' शाळा पूर्वीपेक्षा वेगळी होती. संस्था खाजगी, पण शिक्षकांचे वेतन शासनाचे, अशी ती अनुदानित व्यवस्था होती. १९७७ च्या सेवाशर्ती विनियमन अधिनियमाने खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले. त्यामुळे गावातील हायस्कूल आणि पुण्यातील नामांकित मराठी शाळा या एकाच पाठ्यपुस्तकाने, एकाच परीक्षेने व बऱ्याच अंशी एकाच दर्जाच्या शिक्षकांनी बांधल्या गेल्या. भोरच्या विद्यार्थ्याने शालान्त परीक्षेपर्यंत गावात शिकावे आणि नंतर पुण्यात महाविद्यालयात जावे, हा क्रम रूढ झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसर शाळेची, म्हणजे सर्व थरांतील मुलांनी जवळच्या एकाच शाळेत शिकण्याची, जी कल्पना मांडली होती, तिच्याशी हा काळ सर्वांत जवळचा होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक महाराष्ट्रातीलच होते, हेही येथे नमूद करावयास हवे.

याच दशकांत या परिसराने दुसरे एक ओझे वाहिले. भाटघर येथील धरण ब्रिटिश काळात झाले होते. त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी या प्रकल्पांखाली सुपीक खोरी गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, याची नोंद शहराच्या इतिहासात ठळकपणे आहे. धरणाखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची झालेली ओढाताण तितक्या ठळकपणे नोंदली गेली नाही. धरणग्रस्त कुटुंब पुनर्वसनाच्या गावी, मुंबईला किंवा पुण्याच्या उपनगरात गेले. मुलाची शाळा त्या स्थलांतराच्या ओघात बदलली, ती निवडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

माध्यम, शुल्क आणि नवे स्थलांतर :

१९९० नंतर या चित्रात मूलभूत बदल झाला. पुण्याचा विस्तार धनकवडी, कात्रज, आंबेगाव, वडगाव, धायरी असा दक्षिण-पश्चिमेकडे झाला. भोर-वेल्ह्याच्या माणसाला हीच उपनगरे सर्वांत जवळची होती. तेथे विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा वेगाने निघाल्या. २००० मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. या निर्णयामागे ग्रामीण मुलांना समान संधी देण्याची भूमिका होती. तथापि इंग्रजी विषय आणि इंग्रजी माध्यम यांतील अंतर पालकांच्या मनात मिटले नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयीच्या कायद्याने शासकीय अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांना वेगळी चौकट दिली. 'खाजगी' या शब्दाचा हा तिसरा अर्थ होय. पहिल्या अर्थात त्याग होता, दुसऱ्यात शासनाचे अनुदान होते, तर तिसऱ्यात पालकाने भरावयाचे शुल्क केंद्रस्थानी आले.

या टप्प्यावर शाळेची निवड व कुटुंबाचे स्थलांतर एकमेकांत मिसळले. पूर्वी मूल एकटे जाई व कुटुंब गावी राही. आता आई मुलांसह उपनगरातील भाड्याच्या खोलीत राहते, वडील नोकरी किंवा वाहतुकीचा व्यवसाय करतात, आणि आजी-आजोबा गावाकडची भातशेती सांभाळतात, अशी विभागणी सर्रास दिसते. महामार्गालगतच्या गावांतील मुलांना शाळेची बस नेते. दुर्गम खोऱ्यातील मुलांसाठी मुक्कामी एस.टी. हाच आधार असतो. म्हणजे एकाच तालुक्यात निवडीचे प्रमाण रस्त्यापासूनच्या अंतराने ठरते.

कायद्यानेही या अंतराला वेगळा अर्थ दिला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील कलम १२(१)(क) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांमध्ये पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकाची चाचणी घेण्यास व देणगी आकारण्यास कलम १३ ने मनाई केली. हे प्रवेश घर व शाळा यांतील अंतर पाहून दिले जातात. ज्या खोऱ्यात खाजगी शाळाच नाही, तेथील मुलाला हा अधिकार कागदावर असूनही वापरता येत नाही. तो वापरावयाचा तर शहरात राहण्याचा पुरावा हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असणाऱ्या खाजगी शाळांना या तरतुदीतून वगळले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. निवडीचा अधिकार किती नाजूक पायावर उभा आहे, हे या घटनाक्रमावरून दिसून येते.

मागे राहिलेली शाळा :

२०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार इतकी होती. विरळ वस्तीच्या अशा तालुक्यात दोन-चार कुटुंबे शहरात गेली तरी शाळेचा पट लगेच खाली येतो. २००० नंतर राज्यात वाड्या-वस्त्यांवर वस्तीशाळा सुरू झाल्या, तेव्हा 'मुलाच्या दाराशी शाळा' हे धोरण होते. त्या पुढे नियमित प्राथमिक शाळा झाल्या. २०२३ मध्ये मात्र शासनाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळेचा विचार मांडला आणि त्यासाठी नंदुरबारमधील तोरणमाळबरोबर वेल्हे तालुक्यातील पानशेतचे उदाहरण पुढे केले. समूह शाळेच्या बाजूने सांगितले जाते की, मुलांना सवंगडी मिळतात, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळतो, ग्रंथालय व प्रयोगशाळा मिळते. विरोधात सांगितले जाते की, लहान मुलांचे, विशेषतः मुलींचे व धनगर-कातकरी वस्त्यांवरील मुलांचे, शिक्षण अंतरामुळे सुटण्याचा धोका आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण पट का घटला याचे एक कारण या चर्चेत अनुच्चारित राहते. ज्यांना शक्य होते त्यांनी शहर निवडले, आणि ज्यांना शक्य नव्हते त्यांच्या मुलांची शाळा त्यामुळे दुबळी झाली.

हा अनुभव केवळ मावळाचा नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने १९८१ पासून पालकांच्या निवडीला शासकीय निधीची जोड दिली. पालकांनी खाजगी शाळांकडे धाव घेतली, परंतु कालांतराने शाळांची आर्थिक स्तरांनुसार विभागणी वाढली व त्याविरुद्ध विद्यार्थ्यांची मोठी आंदोलने झाली. प्रत्येक पालकाचा निर्णय त्याच्या जागी योग्य असतानाही सर्वांच्या निर्णयांची बेरीज समाजाला विषमतेकडे नेऊ शकते, हे तेथे दिसून आले.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, पुण्यातील खाजगी शाळेची ओढ ही जागतिकीकरणाची निर्मिती नसून तिची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. दोन, ही निवड कधीही सर्वांना समान नव्हती. संस्थानी काळात जातीने, वसतिगृहांच्या काळात आश्रयाने, आणि आज शुल्क व रहिवासाच्या पत्त्याने तिची मर्यादा ठरविली आहे. तीन, विलीनीकरणानंतरच्या तीन-चार दशकांत गावाच्या शाळेचा दर्जा शहराच्या जवळ आला, तेव्हा लहान वयात मुलाला दूर पाठविण्याची गरज कमी झाली होती. म्हणजे गावातील शाळा विश्वासार्ह असेल तर पालक तीच निवडतात, याला या परिसराचा इतिहासच साक्षी आहे.

आपल्या मुलासाठी कर्ज काढून शहरातील शाळा निवडणाऱ्या वेल्ह्याच्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्या शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व प्राध्यापकांनी आपली मुले शहरात ठेवली, त्यांचेच अनुकरण तो करीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण देण्याची शिफारस केली आहे. ती शिफारस मावळात अर्थपूर्ण ठरावयाची असेल, तर मराठी शाळा ही नाइलाजाने उरलेल्यांची शाळा राहता कामा नये. पुण्याच्या पहिल्या खाजगी शाळा ज्यांनी काढल्या, त्यांनी स्वतःसाठी शाळा निवडली नव्हती, समाजासाठी ती उभी केली होती. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील शाळांना आज त्याच वृत्तीची गरज आहे, आणि या परिसरातील महाविद्यालये व त्यांतून शिकून बाहेर पडलेली पिढी यांच्यावर त्याची जबाबदारी सर्वाधिक आहे.